सुरक्षेचे दोन अर्थ : जवाहरनगरच्या भिंतीपाशी

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. 'एलटीपीई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विभागाच्या इमारतीचे छत कोसळले. आठ कामगार गेले, पाच जखमी झाले. आवाज काही किलोमीटरवरच्या गावांपर्यंत पोहोचला. वर्षभरापूर्वी, जानेवारी २०२४मध्ये, याच निर्माणीतल्या दुसऱ्या एका स्फोटात एक कामगार दगावला होता.

अशा घटनेनंतर आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो : अपघात की घातपात? हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो विचारताना आपण नकळत एक वाटणी करून टाकतो. घातपात असेल तर तो 'सुरक्षेचा' प्रश्न, म्हणजे पोलिसांचा, लष्कराचा, गुप्तचरांचा. अपघात असेल तर तोही 'सुरक्षेचाच' प्रश्न, पण तो कारखान्याच्या अधिकाऱ्यांचा आणि कामगारांचा. मराठीत दोन्हींना शब्द एकच. फाटकावर बंदूक घेऊन उभा असतो तो सुरक्षा रक्षक, आणि हेल्मेट घाला असे बजावणारा फलक लागतो तोही सुरक्षा सप्ताहात. दरवर्षी ४ मार्चला 'राष्ट्रीय सुरक्षा दिन' साजरा होतो. तो कारखान्यातील अपघात टाळण्यासाठीचा दिवस आहे, पण नुसते नाव ऐकणाऱ्या अनेकांना तो सीमेवरच्या जवानांचा दिवस वाटतो.

शब्दाच्या या दुहेरीपणामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सुरक्षेचा एक अर्थ माणसापासून पदार्थाचे रक्षण, म्हणजे चोर, हेर, बंडखोर, दहशतवादी यांच्या हाती स्फोटक किंवा विषारी रसायन लागू न देणे. दुसरा अर्थ पदार्थापासून माणसाचे रक्षण, म्हणजे कामगार आणि शेजारी त्या रसायनाने मरणार नाहीत असे पाहणे. धोक्याचे मूल्यमापन करणारा शहाणा अधिकारी दोन्हींचा हिशेब एकत्र मांडतो. राज्यसंस्थेने मात्र वारंवार पहिल्यासाठी दुसऱ्याला मागे ठेवले. हे कसे घडत गेले, ते पाहू.

दारूखान्याची पडकी भिंत

या विषयाचे पहिले धडे बंदुकीच्या दारूने दिले. लाव्हाझिएच्या हाताखाली शिकलेल्या एल्युथेर इरेने द्यू पाँ याने १८०२मध्ये अमेरिकेतील डेलावेअरमध्ये, ब्रँडीवाइन नदीच्या काठी दारूचा कारखाना काढला. तिथल्या गिरण्यांच्या तीन भिंती जाड दगडी होत्या. नदीकडची चौथी बाजू आणि छत मात्र मुद्दाम हलके, लाकडी ठेवलेले. स्फोट होणारच नाही असे त्याने गृहीत धरले नव्हते. झालाच तर तो नदीकडे निघून जावा, शेजारच्या इमारतीकडे जाऊ नये, एवढी सोय त्याने केली होती. धोक्याचे मूल्यमापन ज्याला आज म्हणतात, त्याचा गाभा या भिंतीत आहे : काय बिघडू शकते, बिघडले तर त्याचा जोर कुठे जाईल, आणि त्या वाटेवर किती माणसे आहेत.

याला कायद्याचे रूप इंग्लंडमध्ये मिळाले. २ ऑक्टोबर १८७४ रोजी लंडनच्या रीजंट कालव्यावर बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम एकत्र वाहणाऱ्या एका नावेचा स्फोट झाला. स्फोटकांचे सरकारी निरीक्षक विवियन मेजेंडी यांनी चौकशी केली आणि पुढच्याच वर्षी, १८७५मध्ये, स्फोटकांचा कायदा झाला. परवाना इमारतीच्या नकाशासह घ्यायचा, एका इमारतीत किती माल आणि किती माणसे असावीत हे ठरलेले असायचे, दोन इमारतींत आणि वस्तीपासून ठरावीक अंतर राखायचे, आणि लोखंडाची ठिणगी पडेल असे काही आत न्यायचे नाही, असा त्याचा एकूण बाज होता. दारूखान्यात तांब्यापितळेची हत्यारे वापरतात ती याच कारणाने. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला या धातूचा हा गुण निराळा सांगायला नको.

मेजेंडींच्या कारकिर्दीत सुरक्षेचे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर होते. १८८४मध्ये लंडनच्या रेल्वे स्थानकांवर आयरिश क्रांतिकारकांनी ठेवलेले घड्याळी बॉम्ब सापडले, तेव्हा त्यांची तपासणीही त्यांनीच केली. त्याच १८८४ साली हिंदुस्थानात स्फोटकांचा कायदा मंजूर झाला. तो आजही चालू आहे. दिवाळीत आपण जे फटाके विकत घेतो, त्या दुकानाचा परवानाही त्याच कायद्याखालचा. तो राबवणाऱ्या खात्याची सुरुवात १८९८ची, आणि 'पेसो' या आजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, म्हणजे जवाहरनगरपासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर.

१९०८ : टिळकांच्या घरातले कार्ड

१८८४चा कायदा पदार्थाला भिऊन केलेला होता. माणसाला भिऊन केलेला कायदा आला १९०८मध्ये. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि ८ जूनला स्फोटक पदार्थांचा नवा कायदा मंजूरही झाला. वृत्तपत्रांवरचा कायदाही त्याच दिवशी आला. दोन्हींची ही जोडी बोलकी आहे. स्फोटक आणि शब्द या दोहोंवर सरकारने एका दमात कुलूप घातले.

दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या 'केसरी'त, टिळकांनी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख लिहिला. त्यातला त्यांचा एक मुद्दा राजकारणाइतकाच तंत्राचाही होता. बॉम्बसाठी मोठा कारखाना लागत नाही, लागते ते मुख्यतः ज्ञान, आणि ज्ञानाला कायद्याने बंदी घालता येत नाही, असा त्याचा रोख होता. २४ जूनला टिळकांना अटक झाली. घराच्या झडतीत एक कार्ड सापडले, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे होती. सरकारी पक्षाने ते पुरावा म्हणून पुढे केले. नव्या कायद्यातील स्फोटकाच्या व्याख्येवर टीका करायची तर विषयाची माहिती हवी, म्हणून ती नावे टिपली, असा खुलासा टिळकांनी केला. २२ जुलैला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

त्या कार्डाचे महत्त्व खटल्यापुरते नाही. धोकादायक पदार्थाबद्दल माहिती मागणारा माणूस हाच धोका, ही सरकारी सवय त्यात दिसते. कायदा समजून घेण्यासाठी स्फोटक म्हणजे काय हे विचारणारा संपादक आणि बॉम्ब करणारा तरुण, दोघे एकाच नजरेने पाहिले गेले. पुढे १९२३च्या शासकीय गुपितांच्या कायद्याने दारूगोळ्याचे कारखाने 'निषिद्ध स्थान' ठरवले. परक्या राज्यकर्त्याला ते सोयीचे होते. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, ही सवय राहिली.

लाल बावटा न लावलेले जहाज

गुप्ततेची किंमत मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी मोजली. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या ८,७०० गासड्या. स्फोटकांचे जहाज गोदीत घ्यायचे नाही, बाहेर नांगरून पडावांनी माल उतरवायचा, हा शांततेच्या काळातला शिरस्ता युद्धाच्या घाईत मागे पडला होता. धोक्याचा माल आहे हे सांगणारा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिला मोठा स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मधल्या दोन तासांत अग्निशामक दलाचे लोक पाणी मारत होते आणि गोदीतले शेकडो कामगार आपापल्या कामावर होते. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणाचा.

सुरुवातीला संशय जपानी घातपाताचा होता. चौकशीत बोट वळले ते कापसाच्या गासड्यांकडे आणि अनेकांच्या एकेक चुकीकडे. बातमी मात्र सेन्सॉरने दाबली. जगाला ती पहिल्यांदा कळली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. म्हणजे ज्या शत्रूपासून लपवायचे त्याला दुसऱ्या दिवशी ठाऊक होते, आणि हिंदुस्थानातल्या वाचकाला मे महिन्यापर्यंत थांबावे लागले.

बांधी आणि बांध

१९६२च्या चीन युद्धानंतर दारूगोळ्याचे उत्पादन वाढवायचे ठरले आणि साठच्या दशकात भंडारा, चांदा, अंबाझरी, वरणगाव येथे नव्या आयुध निर्माण्या उभ्या राहिल्या. विदर्भ सोयीचा होता. सीमेपासून दूर, देशाच्या मध्यावर, रेल्वेच्या हमरस्त्यावर, आणि जमीन मुबलक. त्याआधीपासून तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत सुरुंगाची दारू वापरली जातच होती. निर्माणीच्या निमित्ताने जवाहरनगर ही वसाहत वसली, हजारो घरांना कायम पगार मिळाला. भंडाऱ्यातल्या अनेक पिढ्यांसाठी निर्माणीची नोकरी म्हणजे भरवशाची नोकरी.

भंडारा हा धानाचा जिल्हा. इथे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात, आणि बांधीभोवती पाणी अडवायला मातीचा बांध असतो. स्फोटकांच्या कारखान्यातही धोक्याच्या इमारतीभोवती मातीचे उंच बांध घालतात, ते स्फोटाचे तुकडे अडवायला. बाहेरचा शेतकरी आणि आतला अभियंता एकाच मातीवर विसंबलेले असतात. फरक एवढाच की बाहेरच्या बांधाची उंची साऱ्या गावाला ठाऊक असते.

आतल्या बांधाबद्दल कोणाला विचारायचे? नागपूरच्या मुख्यालयाला नव्हे. १८८४च्या कायद्याच्या १४व्या कलमाने, अपघाताची सूचना आणि चौकशीसंबंधीची कलमे सोडता, आयुध निर्माण्यांना त्या कायद्यातून वगळले आहे. त्यांच्यासाठी संरक्षण खात्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. स्फोटके साठवण व वाहतूक समितीचे नियम आहेत, दिल्लीत 'डीआरडीओ'ची अग्नि, स्फोटके व पर्यावरण सुरक्षा पाहणारी संस्था आहे. तिथले तज्ज्ञ कमी प्रतीचे आहेत असे नाही. पण कारखाना चालवणारे, माल घेणारे आणि तपासणारे एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली येतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ निर्माण्या सात कंपन्यांत विभागल्या गेल्या, भंडारा 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेली. फलक बदलला, पण भिंत आणि शेजारी तेच राहिले.

भोपाळचा धडा, अर्धा वाचलेला

पदार्थापासून माणसाचे रक्षण हा प्रश्न भारतीय कायद्यात ठळकपणे आला तो २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्रीनंतर. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या जूनपासून बंद होती, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढलेली होती, वायू धुणारे यंत्र ऐन वेळी चालू नव्हते. आणि वस्तीला वायू कोणता हे माहीत नव्हते. पळावे की ओला कपडा तोंडावर धरून बसावे, हेही नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही कशावर उपचार करायचा हे कळत नव्हते.

यानंतर कंपनीने मांडलेली भूमिका घातपाताची होती. एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असे तिच्यासाठी काम करणाऱ्या सल्लागारांनी १९८८मध्ये मांडले. भोपाळच्या कामगारांनी ते कधीच मान्य केले नाही. पण वादापुरते खरे धरले तरी काय सिद्ध होते? एका माणसाने एक नळी जोडली आणि हजारो मेले, हे शक्य झाले कारण टाकीत तेवढा साठा होता, रक्षणाच्या यंत्रणा बंद होत्या आणि भिंतीला लागून वस्ती होती. 'घातपात' हे उत्तर फक्त हात कोणाचा होता हे सांगते. एवढी माणसे का मेली, हे सांगत नाही.

भोपाळनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ची कारखाने कायद्यातील दुरुस्ती, १९८९चे घातक रसायनांचे नियम आणि १९९६चे रासायनिक अपघातांचे नियम आले. १९८९च्या नियमांनी रसायनागणिक मर्यादा घातल्या. मिथिल आयसोसायनेटसाठी ती १५० किलो आहे. भोपाळच्या टाकीशी ही संख्या ताडून पाहावी. कारखान्याच्या आत काय करायचे याचा आराखडा व्यवस्थापनाने करायचा, बाहेर काय करायचे याचा जिल्ह्याने, आणि १५व्या नियमाप्रमाणे ज्यांना झळ बसू शकते त्यांना धोक्याचे स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करावे हे आधीच सांगायचे. १९९६च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट ठेवला. टिळकांच्या कार्डाकडे संशयाने पाहणाऱ्या राज्याच्या कायद्यांत, ७५-८० वर्षांनी, विचारणाऱ्याला उत्तर देण्याचे कर्तव्य लिहिले गेले. कागदावर का होईना, ही मोठी गोष्ट होती.

पुन्हा भिंतीकडे

२००१च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर वारे फिरले. अमेरिकेने २००७मध्ये रासायनिक कारखान्यांसाठी दहशतवादविरोधी निकष आणले. ठरावीक रसायन ठरावीक साठ्याच्या वर असेल तर नोंद करायची, धोक्यानुसार चारांपैकी एक श्रेणी घ्यायची आणि त्याप्रमाणे कुंपण, कॅमेरे, तपासणी ठेवायची. भारतातही बॉम्बहल्ल्यांत वापरल्या गेलेल्या अमोनियम नायट्रेटसाठी २०१२मध्ये स्वतंत्र नियम आले.

या पद्धतीची मर्यादा १७ एप्रिल २०१३ रोजी टेक्ससमधल्या वेस्ट या छोट्या गावात दिसली. खताच्या गोदामात आग लागून अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, १५ माणसे गेली, त्यांतले बहुतेक आग विझवायला धावलेले होते. जवळच शाळा आणि वृद्धांचे शुश्रूषागृह होते. गोदामाने त्या दहशतवादविरोधी यंत्रणेकडे नोंदच केलेली नव्हती. पुढे २०१६मध्ये एका तपास संस्थेने आग मुद्दाम लावल्याचे जाहीर केले. पण आग लावली असो वा लागली असो, तो साठा त्या शाळेजवळ असणे हाच मूळ प्रश्न होता. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी तेच रसायन, २,७५० टन, शहराच्या काखेत वर्षानुवर्षे पडून होते. दोनशेहून जास्त माणसे गेली.

एकाच वहीतले दोन रकाने

कारखान्यातल्या धोक्याचे मूल्यमापन आज दोन प्रकारे होते. पहिल्यात अभियंते, कामगार आणि देखभालीची माणसे एकत्र बसून एकेका नळीपुढे प्रश्न विचारतात : प्रवाह थांबला तर? जास्त झाला तर? उलटा फिरला तर? ही रीत ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत साठच्या दशकात रुळली. दुसऱ्यात सुरक्षा अधिकारी विचारतात : कोणाला हे करावेसे वाटेल, त्याला आत येणे किती सोपे आहे? प्रश्न वेगळे, पण दोन्ही वह्यांचा शेवटचा रकाना एकच असतो : झालेच तर किती माणसे मरतील?

तो रकाना भरायला तीन गोष्टी लागतात. साठा किती, अंतर किती, माणसे किती. स्फोटाच्या धक्क्याचा हिशेब साठ्याच्या घनमुळाशी बांधलेला आहे. साठा आठपट झाला की तेवढ्याच धक्क्यासाठी दुप्पट अंतर लागते, आणि साठा एकअष्टमांश केला की निम्म्या अंतरावरचा माणूसही तेवढाच सुरक्षित होतो. भोपाळच्याही आधी ट्रेव्हर क्लेट्झ हे आयसीआयमधले रसायन अभियंते सांगत होते की पहारे वाढवण्याआधी साठा कमी करा. साठा नसेल तर तो गळणार नाही, आणि कोणाला उडवताही येणार नाही. कुंपणाने फक्त पहिल्या अर्थाची सुरक्षा वाढते. कमी साठ्याने दोन्ही अर्थांची वाढते.

हे भंडाऱ्यापुरते नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी किमान सोळा जण गेले, नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ अशा दोन्ही मे महिन्यांत स्फोट झाले. तिथे तर कारखाने आधी आले आणि घरे त्यांच्या अंगावर येऊन ठेपली. नकाशावर राखलेले अंतर जमिनीवर कोण खाते, याकडे लक्ष ठेवणे हेही मूल्यमापनच आहे.

मग जवाहरनगरला काय विचारावे? सूत्र, उत्पादनाचे आकडे, वाहतुकीच्या वेळा गुप्त राहाव्यात, यात वाद नाही. पण १८७५च्या कायद्याने विचारलेला साधा प्रश्न दीडशे वर्षांनी विचारायला कोणाची हरकत नसावी : आठ मेलेले आणि पाच जखमी, म्हणजे एका इमारतीच्या ढिगाऱ्यात तेरा माणसे होती, तर त्या क्षणी तेवढ्यांनी तिथे असणे कामाला आवश्यक होते का? यातले काय यंत्राला दूरवरून करता येईल? शेजारच्या गावांनी विचारावे की भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय, घरात थांबायचे की निघायचे, निघायचे तर कोणत्या रस्त्याने. जिल्ह्याने स्वतःला विचारावे की भाजलेली तेरा माणसे एकाच वेळी आली तर घेणार कोण. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातच आग लागून दहा नवजात बाळे गेली. संकटात ज्याच्या भरवशावर राहायचे त्याचेही मूल्यमापन याच वहीत हवे. आणि चौकशीचा अहवाल, गोपनीय तेवढा भाग झाकून, लोकांपुढे यावा. कारण बाजारगावच्या कामगाराला जवाहरनगरच्या चुकीतून शिकता आले, तरच आठ जणांच्या मरणातून काही हाती लागले असे म्हणता येईल.

यातल्या एकाही उत्तराने शत्रूच्या हाती काही लागत नाही. आवाज त्यानेही ऐकलेला असतो. येत्या ४ मार्चला निर्माणीच्या फाटकावर 'राष्ट्रीय सुरक्षा दिना'चा फलक लागेल. त्या दिवशी भिंतीबाहेरच्या चार गावांत एकदा भोंगा वाजवून दाखवावा आणि त्याचा अर्थ बांधीत काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगावा. १५व्या नियमात लिहिलेले कर्तव्य तेवढ्यानेही सुरू होऊ शकते.